ईसानच्या शाळेत ‘ख्रू’ होताना

थायलंडहून आलेल्या माणसाला रायपुरात ‘तिकडे काय करता?’ हा एकच प्रश्न विचारतात, आणि तो विचारताना डोळा बारीक करतात. आपल्याकडचे व्यापारी तिकडे टोळीने जातात आणि परत आल्यावर आपसात हसतात. त्या हसण्यावरून लोकांनी त्या देशाचं चित्र बनवलेलं आहे. मी तिथे नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस जरा हिरमुसतो.

म्हणून हे लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि परीक्षेचा पेपर सोडला तर एवढं लांब कधी काही लिहिलेलं नाही. पण परदेशात शिक्षक म्हणून परवाना मिळवायचा तर काय काय होतं, हे विचारणाऱ्या मुली आता आमच्या विहारातही भेटायला लागल्या आहेत. नियम बदलत असतात. माझ्या वेळी जे झालं तेवढंच सांगते.

भनपुरी

बीएस्सी, बीएड करून मी शंकर नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवत होते. बीएडला आमच्यापुढे असलेली एक दीदी थायलंडमध्ये शिकवायला गेली होती. तिच्या शाळेशेजारच्या सरकारी शाळेत इंग्रजीतून विज्ञान शिकवणारं माणूस हवं होतं. व्हिडिओवर मुलाखत झाली. मी इतकी घाबरले होते की प्रकाशसंश्लेषण समजावताना खिडकीतल्या मनीप्लांटची कुंडीच उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांना ते आवडलं.

बाबा रायपुरातच, आमच्या भनपुरी भागातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, “जा.” आई सामानाची यादी करायला बसली. बोलायला मावशी होतीच.

“काहून जी भाऊजी, पोट्टीले बँकॉकले पाठवून राहिले? नागपूर-पुन्यात शाळा नाहीत का?”

“बँकॉक नाही ते. त्याच्याही पुढं बसनं जा लागते,” बाबा म्हणाले.

“म्हंजे अजून दूर!”

“दूर हाय, पन शाळाच हाय.”

पोलिसांचा दाखला लागतो, म्हणून ठाण्यात गेले तर तिथल्या हवालदारांनी चष्मा वर केला. “थाईलैंड? काहे जा रही हो बेटा?”

“पढ़ाने, सर.”

“वहाँ पढ़ते भी हैं?” असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसले, पण चहा मागवला आणि काम त्याच दिवशी करून दिलं. निघताना म्हणाले, “नाम रोशन करना.” सोबत आलेला माझा धाकटा भाऊ, जो मराठी सगळी समजतो आणि उत्तर फक्त हिंदीत देतो, घरी येईपर्यंत तेच वाक्य म्हणत होता.

भाताचा देश

ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्येकडचा भाग. पर्यटक तिकडे फारसे जात नाहीत. खोन केन हे मोठं शहर मागे टाकून बस पुढे निघाली तेव्हा उजाडत होतं. खिडकीबाहेर कापणी झालेली भातशेती, बांधावर ताडाची झाडं, पाण्यात बसलेल्या म्हशी. मला वाटलं बस चुकून अभनपूरकडे वळली. अभनपूरजवळच्या गावात माझे मामा राहतात, त्यांच्या शेताचा बांध असाच आहे. परदेशात पहिल्या दिवशी जीव दडपायला हवा होता, तो उलट मोकळा झाला.

शाळेत शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात. हा शब्द ‘गुरू’वरूनच आला असं मला नंतर कळलं. माझं नाव प्रज्ञा. थाई भाषेत हाच शब्द ‘पन्या’ असा आहे, फक्त तिकडे ते बहुतेक पुरुषांचं नाव असतं. पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात मी नाव सांगितलं तेव्हा मुलं तोंडावर हात ठेवून हसली. पण हसण्याची पाळी माझीही आली. तिकडे प्रत्येकाला एक छोटं घरगुती नाव असतं आणि शाळेतही तेच चालतं. माझ्या वर्गात एकाचं नाव बॉल, एकाचं बँक, एका मुलीचं आइस. वर्गप्रमुख मुलीचं नाव नाम, म्हणजे पाणी. मग मलाही आमच्या मोहल्ल्यातले गोलू, छोटू आणि पिंकी आठवले आणि हे लोक परके वाटेनात.

माझ्या मार्गदर्शक शिक्षिका होत्या ख्रू मालई. वय पन्नाशीचं, गणित शिकवायच्या, आवाज हळू आणि चाल जोरात. परवान्याची वाट त्यांनीच मला समजावली. सुरुवातीला तात्पुरती परवानगी मिळते. त्या मुदतीत दोन गोष्टी करायच्या. एक, थाई संस्कृती आणि शिक्षकाचं आचरण यावरचा वर्ग. दुसरी, देखरेखीखाली शिकवणं, ज्यात मुख्याध्यापक, मार्गदर्शक शिक्षिका आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ तुमचा पाठ तीनदा बघतात. त्यांनी शिफारस केली तर परवाना. नाही केली तर तात्पुरत्या परवानगीची मुदत संपते आणि तुम्ही आपल्या घरी.

आपल्या घरी म्हणजे पुन्हा कोचिंगचा वर्ग, तिथला तुटपुंजा पगार आणि मावशीचं “मी म्हनलं होतं ना.” ते मला नको होतं. मला ही मुलंही हवी होती. पहिल्या महिन्यातच हवीहवीशी झाली होती.

खाण्याबद्दल सांगायचं तर मी तिकडे एक दिवसही उपाशी राहिले नाही. ईसानचे लोक चिकट भात खातात. तो बांबूच्या छोट्या टोपलीत येतो, बोटांनी गोळा करायचा आणि चटणीत बुडवायचा. मी हाताने जेवते हे बघून स्वयंपाकघरातल्या बायका इतक्या खूश झाल्या की मला रोज दोनदा वाढायच्या. कच्च्या पपईची कोशिंबीर ते लाकडी उखळात कुटून करतात. तिखट इतकं, की आईच्या ठेच्याची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं, की नुसत्याच तिखटाने, हे सांगता येणार नाही.

एकदा ख्रू मालईंनी माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. लाल मुंग्यांच्या अंड्यांची कोशिंबीर पुढे ठेवली आणि सगळ्या शिक्षिका भोवती उभ्या राहिल्या. मी खाल्ली. आणखी घेतली.

“तुला भीती नाही वाटत?” ख्रू मालईंचा चेहरा पडला.

“आमच्याकडे बस्तरमध्ये मुंग्यांसकट चटणी करतात,” मी म्हटलं. “कॉलेजच्या सहलीत खाल्ली होती. ती जास्त आंबट असते.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफरूमला सांगितलं की ही मुलगी ईसानचीच आहे, चुकून दुसरीकडे जन्मली.

आणि धर्म? अर्जात मी ‘बौद्ध’ लिहिलं होतं. ते कळल्यावर शाळेत आनंदीआनंद झाला. भारतातून बौद्ध माणूस येईल हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळेजवळच्या वाटमध्ये, म्हणजे त्यांच्या विहारात, मला घेऊन गेले. भिक्खूंनी पंचशील सुरू केलं आणि मी दचकले. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच. आमच्या भनपुरीच्या पत्र्याच्या विहारात दर रविवारी म्हणतो तेच. मी मोठ्याने म्हणायला लागले तशी पुढच्या ओळीतली एक म्हातारी मागे वळली आणि माझा हात धरून ठेवला.

फरक होते. घराघरापुढे खांबावर एक छोटं देवघर असतं, त्यात जागेच्या आत्म्याला लाल कोल्ड्रिंकची बाटली ठेवतात, स्ट्रॉ लावून. बाबांनी ते बघितलं असतं तर तिथेच अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं. पण मी मनात म्हटलं, हे किरकोळ आहे. पहिल्या पाठाची तपासणी हिवाळ्यातच चांगली झाली होती. संस्कृती आणि आचरणाचा वर्ग मी उन्हाळ्याच्या सुटीत केला. फिलिपाइन्सचे शिक्षक पान पान लिहून घेत होते आणि मी आरामात बसले होते. आपण तर घरचेच आहोत, असं मला वाटत होतं.

जूनमधला गुरुवार

शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तिकडे ‘वाई ख्रू’ होतं. वाई म्हणजे हात जोडणं. मुलांनी शिक्षकांना हात जोडायचा दिवस. आदल्या दिवशी वर्गावर्गात मुलं फुलांची तबकं सजवत होती. माझी आठवीची मुलं आता नववीत आली होती, त्यांनी मला बघू दिलं नाही. दारातून बॉल ओरडला, “ख्रू, उद्या! उद्या!”

दुसऱ्या दिवशी सभागृहात शिक्षक मंचावर खुर्च्यांवर रांगेत बसले. मीही बसले. मी नववीची सहवर्गशिक्षिका होते, म्हणून त्यांचं तबक माझ्याकडे येणार होतं. मुलं जोडीजोडीने येत होती. चालत नव्हे, गुडघ्यांवर. गुडघ्यांवर सरकत शिक्षकापुढे यायचं, जमिनीपर्यंत वाकायचं, तबक द्यायचं, पुन्हा वाकायचं.

आमच्या घरात एक नियम आहे. कोणाच्या पाया पडायचं नाही आणि कोणाला आपल्या पाया पडू द्यायचं नाही. मोठ्यांना जयभीम म्हणायचं, ताठ उभं राहून. हा नियम आजोबांचा. ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आले आणि परत त्या गावात राहायला कधी गेले नाहीत. त्या गावात मालकाच्या दारासमोरून जाताना त्यांना चपला हातात घ्याव्या लागत, आणि बोलायचं तर कमरेत वाकून. लहानपणी आम्हाला ते फक्त एवढंच सांगायचे, आणि सांगताना स्वतः ताठ बसायचे.

नाम आणि बॉल माझ्यापुढे आले. नामच्या हातात तबक होतं. दोघं वाकले. मला फक्त दोन पाठी दिसल्या.

मी काही विचार केला नाही. खुर्चीवरून उठले, “नको, नको, उठा,” असं चक्क मराठीत म्हणाले आणि नामला उठवायला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

आता तिकडचा रिवाज असा की लहानाचं डोकं मोठ्याच्या डोक्यापेक्षा वर असू नये. ख्रू जमिनीवर आली म्हटल्यावर नाम आणखी खाली गेली. मी तिचे खांदे धरायला वाकले, तशी ती जवळजवळ पालथी झाली. बॉल आडवाच झाला. मागच्या रांगेतल्या मुलांनी बघितलं की एक शिक्षिका जमिनीवर आहे, तर ती सगळी रांग खाली गेली, आणि तिच्या मागची. मुख्याध्यापकांचा माइक थांबला. कुठेतरी कोणीतरी फिसकन हसलं. माझा गुडघा तबकाला लागला आणि त्यातल्या भाताच्या लाह्या मंचभर पसरल्या.

ख्रू मालईंनी येऊन मला कोपराला धरलं आणि खुर्चीवर बसवलं. तोवर कोणीतरी तबक उचलून नेलं होतं. पुढचा वर्ग आला. माझ्या नववीचं तबक मी घेतलंच नव्हतं.

वर्गातली शांतता

माझ्यावर कोणी रागावलं नाही. तिकडे सहसा कोणी रागावून दाखवत नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हसून पपई दिली. मुलंही हसून नमस्कार करत. पण त्या दिवसानंतर माझ्या वर्गातून आवाज गेला. आधी बॉल दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारायचा. आइस वही घेऊन टेबलाजवळ यायची. आता मी “समजलं?” विचारलं की सगळे एका सुरात “समजलं, ख्रू” म्हणत. चाचणी घेतली तर अर्ध्या वर्गाला काहीच समजलेलं नव्हतं.

अशातच दुसऱ्या पाठाची तपासणी झाली. भिंगाचा पाठ होता. मेणबत्ती, पडदा, सगळं नीट मांडलं होतं. मी प्रश्न विचारले, मुलांनी पाठ केलेली उत्तरं दिली, कोणी एक शब्द जास्त बोललं नाही. बाहेरून आलेले तज्ज्ञ अजान, म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक, मागच्या बाकावर बसले होते. ते नंतर म्हणाले, “पाठ चांगला होता. पण मुलं वर्गात होती का?”

मुख्याध्यापकांनी मला चहाला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की शेवटचा पाठही असाच झाला तर शाळेला शिफारस करता येणार नाही. “आचरणाच्या रकान्यातही आम्हाला काहीतरी लिहावं लागेल,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता कपात साखर ढवळत राहिले.

चिखलात

जुलैत ख्रू मालईंनी मला त्यांच्या बहिणीच्या शेतावर नेलं. लावणी चालू होती. छत्तीसगडमध्ये त्याला रोपा लावणं म्हणतात. मामांकडे सुट्यांत मी हे केलेलं आहे, त्यामुळे सलवार गुडघ्यांवर खोचून चिखलात उतरले. अंगठ्याने रोप दाबत मागे सरकत जायचं, तीच रीत. त्यांच्या बहिणीने माझी ओळ बघून मान डोलावली आणि मला आणखी एक जुडी दिली.

ख्रू मालई माझ्या शेजारी होत्या. वाकून, खाली बघत बोलणं सोपं जातं, म्हणून असेल, मी त्यांना विचारलं, “त्या तबकात काय होतं?”

“तू बघितलं नाहीस?”

“लाह्या बघितल्या.”

“दूर्वा होत्या. तुडवल्या तरी पसरतात, तसं शिकणं पसरावं म्हणून. लाल टोकदार कळ्यांचं फूल होतं, बुद्धी तशी अणकुचीदार व्हावी म्हणून. लाह्या, कारण दाणे एकाच भांड्यात राहून फुलतात, तशी शिस्त. आणि वांग्याचं फूल.”

“वांग्याचं?”

“फळ धरायला लागलं की ते खाली वाकतं.”

मी एक रोप लावलं, दुसरं लावलं. मग थाई आणि इंग्रजी मिसळून, चुकत-अडखळत, मी त्यांना आजोबांचं सांगितलं. चपला हातात घेऊन चालण्याचं. वाकणाऱ्या पाठीकडे आमच्या घरात कसं बघतात त्याचं. मी हे कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. रायपुरात सांगावं लागत नाही. ज्यांना माहीत असतं त्यांना असतं, आणि ज्यांना नसतं त्यांना सांगावंसं वाटत नाही.

ख्रू मालईंनी आपली ओळ पुरी केली. बांधावर आल्यावर पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, “हे मला माहीत नव्हतं. तू सांगायला हवं होतंस. मीही विचारायला हवं होतं.” मग हात धुताना, “पण मुलांना काय सांगणार?”

परवान्यासाठी म्हणून पुन्हा खुर्चीवर बसून मुलांना वाकवून घ्यायचं, तर आजोबांना काय तोंड दाखवणार? आणि नाही, तर हा वर्ग असाच गप्प राहणार. संध्याकाळी बाबांना फोन लावला. ते गोदामातून निघत होते, मागे ट्रकचे हॉर्न.

“बाबा, मले एक विचारायचं हाय.”

“बोल.”

“इकडं पोट्टे शिक्षकापुढं गुडघ्यावर बसतात. वाकतात. फुलं देतात.”

“पाया पडतात?”

“पायाले हात नाही लावत. मधात तबक असते.”

एका ट्रकच्या हॉर्नमध्ये त्यांचा आवाज बुडाला. मला वाटलं फोन कटला.

“बाबा?”

“हाव, हाय ना. तुले काय वाटते?”

“मले समजूनच नाही राहिलं.”

“मंग त्यायलेच विचार ना. काहून वाकता म्हनून. आपल्या लोकायले कोनं विचारलंच नव्हतं. वाका म्हने, वाकले.” मग आवाज बदलून, “जेवली का? तुई माय म्हनते भात चिकट असते तिकडं. कुकरची शिट्टी कमी कर म्हने.”

विचारणं

दुसऱ्या दिवशी मी नववीला पुस्तक बंद करायला सांगितलं आणि विचारलं. आधी थाईत, मग इंग्रजीत, की तुम्ही वाई ख्रूला का वाकता.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. असा प्रश्न कोणी विचारत नसावं. बँक म्हणाला, “सगळेच वाकतात.” आइस म्हणाली, आई सांगते म्हणून. बॉल म्हणाला, “त्या दिवशी तास होत नाहीत,” आणि वर्ग हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

“आणि नाही वाकलं तर?” मी विचारलं.

नाम उभी राहिली. ती इंग्रजी जपून बोलते, एकेक शब्द ठेवत. “ख्रूने फुलं घेतली तर आम्ही ख्रूचे. मग आम्ही चुकलो तर ख्रू रागावणार, समजलं नाही तर पुन्हा सांगणार. ख्रू थकली तरी. तुम्ही फुलं घेतली नाहीत. मग आम्ही तुमचे नाही. दुसऱ्याच्या ख्रूला त्रास कसा द्यायचा?”

ती बसली. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

म्हणजे ही शांतता राग नव्हती. रीत होती. जी व्यक्ती आपली जबाबदारी घेत नाही तिच्यावर आपला भार टाकायचा नाही, एवढंच ती मुलं पाळत होती. तिकडे या संकोचाला एक शब्दच आहे आणि आचरणाच्या वर्गात तो शिकवलेला होता. तेव्हा मी आरामात बसले होते.

मग मी त्यांना आजोबांचं सांगितलं, जेवढं थाई येत होतं तेवढ्यात. चपलांसाठी शब्द माहीत होता. मालकासाठी नव्हता, तर नुसतं ‘मोठा माणूस’ म्हटलं. बॉलने विचारलं, “त्या मोठ्या माणसाने तुमच्या आजोबांना काही दिलं? शिकवलं?”

“नाही.”

“फुकट वाकले?” त्याला ते खरंच अन्यायाचं वाटलं. तो चिडला होता.

पुढच्या गुरुवारी शेवटच्या तासाला नववीने पुन्हा तबक आणलं. माझ्याच सांगण्यावरून. ख्रू मालई दारात उभ्या होत्या. मी खुर्चीवर बसले आणि पाय खुर्चीखाली मागे ओढून घेतले, की समोर फक्त तबक आणि हात राहतील. ते मला सहज जमलं असं सांगणार नाही. नाम आणि बॉल वाकले तेव्हा मी खुर्चीची कड धरली. पण या वेळी मी पाठींकडे न बघता चेहरे वर येण्याची वाट पाहिली. ते वर आले. दोन्ही हातांनी मी तबक घेतलं. वांग्याचं जांभळं फूल एका कडेला होतं.

शिक्षकाने अशा वेळी काही आशीर्वादाचं बोलायचं असतं. मला तेवढं सुंदर थाई येत नाही. मी म्हणाले, “आता मी तुम्हाला खूप रागावणार आहे.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शेवटचा पाठ

सप्टेंबरच्या अखेरीस तिसरी तपासणी झाली. मुख्याध्यापक, ख्रू मालई आणि अजान मागच्या बाकावर ओळीने बसले. पाठ होता घनतेचा. बर्फ पाण्यावर का तरंगतो. आइस नावाच्या मुलीच्या वर्गात हा पाठ घेतला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. पहिली पाच मिनिटं तिलाच पाण्यात टाकण्याचे बेत चालले.

मी काचेच्या भांड्यात बर्फ टाकला, आकृती काढली, गोठताना पाणी पसरतं म्हणून ते हलकं पडतं, असं सांगितलं. “समजलं?” विचारलं.

“समजलं, ख्रू,” वर्ग म्हणाला. मागच्या बाकावर पेनं चालू लागली.

तेव्हा बॉलने हात वर केला. “मला नाही समजलं.”

तिकडे पाहुण्यांसमोर विद्यार्थी असं म्हणत नाही. त्यात ख्रूची फजिती होते आणि त्याची स्वतःचीही. मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. बॉलचे कान लाल झाले होते, पण तो उभाच राहिला. “तेच पाणी आहे. वजन तेवढंच. मग हलकं कसं झालं?”

“मलाही नाही समजलं,” मागून बँक म्हणाला. मग आइस. मग आणखी दोघी. मला एक क्षण वाटलं की परवाना गेला, आणि दुसऱ्या क्षणी तसं वाटणं बंद झालं. कारण प्रश्न चांगला होता आणि तो माझा वर्ग होता.

“मघाशी समजलं म्हणून कोण ओरडलं?” मी आवाज चढवला. “खोटं बोललात तर पुढच्या वेळी सगळा धडा लिहून आणायला लावीन. बाक सरकवा.”

फरशीवर मोठ्या चौकोनी लाद्या होत्या. मी बारा मुलांना चार लाद्यांवर दाटीने उभं केलं. हे पाणी. मग सांगितलं, आता हात लांब करा, एकमेकांची फक्त बोटं धरा, कोपर वाकवायचं नाही. हा बर्फ. मुलं ढकलत, ओरडत पसरली. लाद्या पुरेनात. बँक मागे सरकत सरकत थेट अजानांच्या बाकाला जाऊन टेकला.

“मुलं वाढली?” मी विचारलं.

“नाही!”

“वजन वाढलं?”

“बँकचं वाढलं!” आइस ओरडली.

“जागा?”

“जागा वाढली,” बॉल हळूच म्हणाला. मग त्याने स्वतःच मोजलं, एका लादीवर आधी किती जण होते आणि आता किती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. “ख्रू! एका लादीत कमी आहेत. म्हणून हलकं!”

“बस खाली,” मी म्हटलं. “आणि पुढच्या वेळी आधीच विचार.”

तास संपल्यावर अजानांनी मला एकच प्रश्न विचारला, की वर्गासमोर नाही समजलं म्हणायला या मुलांना कोणी शिकवलं.

“त्यांनी फुलं देऊन माझ्याकडे आधीच परवानगी मागितली होती,” मी म्हणाले. “मी ती उशिरा दिली.”

ख्रू मालईंनी त्यांना थाईत बरंच काही सांगितलं. माझ्या कानावर फक्त ‘वांग्याचं फूल’ आलं. मुख्याध्यापकांनी कागदावर सही केली आणि मग मात्र माझ्याकडे बघून हसले.

परवाना हिवाळ्यात आला. एवढंसं कार्ड आहे, त्यावरचा माझा फोटो वाईट आहे आणि थाई अक्षरांत माझं नाव ‘पन्या’च्या जवळपास काहीतरी लिहिलेलं आहे. नववीची मुलं आता दहावीत जातील. सध्या सुटीला भनपुरीत आले आहे. मावशी येऊन गेली. कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “म्हंजे आता पक्की मास्तरीन झाली का व?”

“हो, मावशी.”

“अन् पोट्टे ऐकतात का तुयं?”

“नाही ऐकत,” मी म्हटलं. “लय विचारतात.”